चिखलदऱ्यात दोन मुक्काम: धबधबे, धुकं, आजी-आजोबा आणि संध्याकाळची बीअर

सकाळी अमरावतीहून निघायचं, दुपारपर्यंत आठ-दहा पॉइंट उरकायचे, धुक्यात काही दिसलं नाही म्हणून चिडायचं आणि रात्री घरी परतायचं, अशी चिखलदऱ्याची सहल वऱ्हाडात घरोघरी होते. तशी सहल हवी असेल तर या लेखाचा उपयोग नाही. इथे दोन मुक्कामांचा बेत आहे. गाडीत आजी-आजोबा आहेत, पोरं आहेत, आणि मोठ्यांपैकी दोघा-तिघांना संध्याकाळी व्हरांड्यात बसून चांगली बीअर प्यायची आहे. हे सगळं एकाच सहलीत बसतं. मात्र धबधबा सकाळी आणि बीअर संध्याकाळी, गाडी कायमची उभी केल्यावर, एवढा क्रम कुठेही मोडायचा नाही.

आधी तारीख ठरवा

चिखलदरा सातपुड्याच्या गाविलगड रांगेवर, समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर आहे. खाली परतवाड्यात दमट उकाडा असतो तेव्हा वर अंगावर शाल लागते. धबधबे पावसाच्या पाण्यावर चालतात, त्यामागे धरण नाही की बर्फ नाही. जूनच्या पहिल्या पावसात जमीनच पाणी पिऊन घेते. कडे खऱ्या अर्थानं वाहू लागतात जुलैच्या मध्यानंतर, आणि ते सप्टेंबरअखेरपर्यंत टिकतात. दिवाळीला गेलात तर हवा सुरेख, आकाश स्वच्छ, पण कड्यावर ओल तेवढी राहिलेली असते.

माझी पसंती पोळ्याच्या आसपासच्या दिवसांना. पावसाचा जोर थोडा ओसरलेला असतो, पाणी भरपूर असतं आणि धुकं अधूनमधून बाजूला होतं. वार सोमवार ते गुरुवार. श्रावणातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, आणि गर्दी फार झाली तर प्रशासन वाहतूक एकेरी करतं. १५ ऑगस्टला तर चुकूनही जाऊ नका. त्या दिवशी अख्खा विदर्भ वर असतो, आणि तो ड्राय डे असतो. म्हणजे दोन्हीकडून घाटा.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली सफारी पावसाळ्यात बंद असते. वाघ बघायचाच असेल तर हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात वेगळी सहल करा. धबधबा आणि सफारी एकाच खेपेत साधण्याच्या नादात दोन्ही अर्धवट होतात.

रस्ता ठरवताना बीअरचाही विचार करा

रेल्वेनं येणाऱ्यांनी बडनेऱ्याला उतरावं. मुंबई-हावडा मार्गावरच्या बहुतेक गाड्या तिथे थांबतात आणि अमरावती शहर तिथून दहा किलोमीटर. अचलपूरपर्यंत येणारी शकुंतला रेल्वे केव्हाच बंद पडली, त्यामुळे पुढे एसटी किंवा भाड्याची गाडी. अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर आणि परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा साधारण ३०. दुसरा रस्ता घटांगवरून जातो. तो लांबचा आहे, पण जंगल दाट आणि गर्दी कमी. जाताना धामणगाव गढी आणि परतताना घटांग, असं केलं तर दोन्ही घाट पाहून होतात.

नागपूरकरांनी हे नीट वाचावं. नागपूर-अमरावती महामार्ग कोंढाळीनंतर कारंजा घाडगे आणि तळेगाववरून जातो, आणि ही दोन्ही गावं वर्धा जिल्ह्यात आहेत. समृद्धी महामार्गही वर्धा जिल्हा ओलांडूनच पुढे जातो. वर्ध्यात दारूबंदी आहे. नागपुरात बीअरचं खोकं भरून या रस्त्यानं निघालात तर तासाभरात तुम्ही बंदीच्या हद्दीत असता. तपासणी झाली तर 'आम्ही फक्त पुढे चाललोय' हे सांगत पोरांसमोर रस्त्यावर उभं राहावं लागतं. यावर दोन उपाय आहेत. सोपा म्हणजे नागपुरातून काहीच न्यायचं नाही, अमरावतीत किंवा परतवाड्यात परवानाधारक दुकानातून घ्यायचं. दुसरा म्हणजे काटोल, जलालखेडा, वरुड, मोर्शी, चांदूर बाजार या रस्त्यानं जायचं. हा रस्ता नागपूर जिल्ह्यातून थेट अमरावती जिल्ह्यात शिरतो, वर्धा लागतच नाही. वेळ जास्त जातो, पण दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा असतात आणि चहाला थांबायला गावं बरी आहेत. मी पहिला उपाय सुचवीन. संत्र्याच्या बागा बघायला दुसरा रस्ता धरायचा तर अवश्य धरा. गडचिरोलीहून येणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तिकडे १९९३ पासून बंदी आहे.

खोली घेताना काय विचारायचं

चिखलदऱ्यात एमटीडीसीचं निवासस्थान आहे, खासगी हॉटेलं बरीच आहेत आणि आसपासच्या गावांत घरगुती मुक्कामाची सोयही मिळते. फोटो बघून खोली घेऊ नका, फोन करून चार गोष्टी विचारा. आजी-आजोबांसाठी तळमजल्यावर खोली आहे का? वीज गेल्यावर गरम पाण्याचं काय? खोलीला स्वतःचा व्हरांडा किंवा गॅलरी आहे का? आणि खोलीत किंवा व्हरांड्यात मद्य घेतलेलं चालतं का?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. कुटुंबाची गर्दी असलेली काही हॉटेलं ठाम नकार देतात आणि तो त्यांचा हक्क आहे. वनविभागाच्या संकुलांत, म्हणजे सेमाडोह, कोलकास वगैरे ठिकाणी, मद्याला मनाई असते. तिथे राहायचं ठरलं तर बीअर या सहलीतून वजा करा. सिपना नदीच्या काठी कोलकासला राहायला मिळत असेल तर तो सौदा वाईट नाही.

परतवाडा सोडण्याआधी टाकी फुल करा. रोख पैसे घ्या, कारण वर पाऊस झाला की नेटवर्क जातं आणि मग ना मोबाइलवरून पैसे जात ना एटीएम चालत. चिखलदऱ्याच्या नाक्यावर नगरपरिषदेचा कर भरावा लागतो, त्यासाठी सुटे वेगळे ठेवा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या.

घाट

दुपारी तीनच्या आत वर पोचायचं, हे गृहीत धरून घरून निघा. अमरावतीत गिला वडा खायचा मोह आवरू नका, पण पोरांना घाटाआधी तेलकट देऊ नका. सुकी पोळी, केळं, आवळासुपारी पुरे. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा आणि मोबाइल काढून घ्या. वळणांवर स्क्रीनकडे बघणारं पोर हमखास ओकतं.

चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटातला नियम उतरणाऱ्यांनी पाळायचा असतो. उतरताना सतत ब्रेक दाबून धरू नका, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. धुकं लागलं की हेडलाइट खाली करा. अप्पर लावला तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. चारी इंडिकेटर लावून गाडी चालवू नका, त्यामुळे मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. अंधार पडल्यावर घाट चढू नये. दरड, गुरं, रानडुक्कर यांतलं काहीही वळणावर भेटू शकतं.

मोथा गाव लागलं की थांबा. इथल्या गवळ्यांचा खवा आणि रबडी नावाजलेली आहे, आणि हिवाळ्यात स्ट्रॉबेरीही मिळते. खवा परतायच्या दिवशी इथे येऊन घ्या. रबडी आत्ताच खा.

पाणी बघायची सकाळ

पहिल्या संध्याकाळी फक्त देवी पॉइंट. खडकाच्या पोटात देवीचं ठाणं आहे, वरच्या कातळातून पाणी झिरपत असतं आणि चंद्रभागा नदीचा उगम इथला मानतात. पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा आजींचा हात धरायला एक माणूस नेमून द्या. हीच चंद्रभागा पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. म्हणजे इथे तुमच्या डोक्यावर पडलेला पाऊस अखेर सुरतेकडे अरबी समुद्रात जातो. पोरांना नकाशावर बोटानं हा प्रवास दाखवा, अर्धा तास शांततेत जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भीमकुंड. कीचकाला मारून भीमानं त्याला दरीत फेकलं आणि इथे अंग धुतलं, ही कथा गाडीतच सांगून ठेवा, म्हणजे पोरं कठड्याशी गेल्यावर धक्काबुक्की न करता बघत राहतात. भीमकुंड लांबून बघायचा धबधबा आहे. पाणी कड्यावरून दरीत कोसळतं आणि तुम्ही समोरच्या बाजूला उभे असता. सकाळी लवकर जायचं ते गर्दीसाठी, धुक्यासाठी नाही. धुकं कोणत्याही वेळी असतं. पोचल्यावर काही दिसलं नाही तर लगेच गाडीत बसू नका. थर्मासमधला चहा काढा आणि थांबा. वारा फिरला की पडदा सरकतो, दरी दिसते आणि पुन्हा झाकली जाते. पाच मिनिटं थांबून निघून जाणारे लोक अख्खी सहल फुकट घालवतात.

धबधब्याच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी खाली पडतं तिथे, कोणीही जायचं नाही. इथला खडक बेसॉल्टचा आहे आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, बुटाची पकड राहत नाही. छोट्या ओढ्यात पोरांना पाय बुडवू द्यायचे असतील तर जागा दरीच्या कडेपासून दूर आणि गुडघ्याखालच्या पाण्याची हवी, आणि एक मोठा माणूस सतत वरच्या अंगाला बघत उभा हवा. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला, तर वर कुठेतरी जोराचा पाऊस झालाय असं समजा. फोटो नाही, चपला गोळा करणं नाही, ताबडतोब काठावर. डोहात पोहू नका. वरून शांत दिसणाऱ्या डोहाखाली कपारी असतात.

पंचबोल पॉइंटला समोरच्या डोंगरांवरून आवाज परत येतो. पोरं तिथे ओरडून ओरडून दमतात, म्हणून हा थांबा जेवणाआधी ठेवा. हरिकेन पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट, मोझरी पॉइंट वाटेत आले आणि उघडे दिसले तर थांबा. नाही दिसले तर पुढे चला. सगळे पाहिलेच पाहिजेत असं काही नाही.

माकडांना खायला देऊ नका, आणि हातात पिशवी लोंबकळत ठेवू नका. संध्याकाळनंतर गावाबाहेर पायी फिरणं टाळा. या भागात अस्वलं आहेत आणि ती दचकली की अंगावर येतात.

दुपार रिकामी ठेवा

दुसऱ्या दिवशीची दुपार मुद्दाम मोकळी सोडा. जेवण, झोप, पत्ते. पाऊस थांबलाच तर शासकीय उद्यान किंवा शक्कर तलाव. लागून राहिला तर वनसंग्रहालय.

आणि कॉफी. महाराष्ट्रात कॉफीची लागवड म्हटली की चिखलदऱ्याचंच नाव येतं. इंग्रजांच्या काळात ती इथे आली आणि मरियमपूर भागात झाडं अजून आहेत. विकत घेताना बिया की पूड आणि भाजणी कधीची, एवढं विचारा. ती हलकी भाजलेली असेल तर फार उकळू नका. आजोबांना दूध-साखर घालूनच द्या, उगाच काळी कॉफी पाजून शिकवण्या करू नका.

बीअर: कुठली, किती, कशी

क्राफ्ट बीअर म्हणजे छोट्या प्रमाणात, चवीकडे लक्ष देऊन बनवलेली बीअर. मायक्रोब्रूअरीत, म्हणजे जिथे बीअर बनते तिथेच ती विकतात अशा ठिकाणी, ती नळातून थेट ग्लासात येते. पुण्यात २००९ च्या सुमारास हा प्रकार सुरू झाला आणि मग महाराष्ट्रात पसरला. चिखलदऱ्यात मायक्रोब्रूअरी शोधू नका. शहरातून बाटलीत भरून आणलेली ताजी बीअरही घाटापर्यंत नीट येत नाही. ती बहुधा गाळलेली किंवा पाश्चराइज केलेली नसते, गारवा सुटला की यीस्ट पुन्हा कामाला लागतं, हादऱ्यांनी वायू निघतो, आणि वर पोचेपर्यंत आंबूस, सपाट पाणी उरतं. ताजी बीअर शहरातच प्यावी. डोंगरावर न्यायची ती कारखान्यात बंद केलेली बाटली किंवा कॅन.

दुकानात 'स्ट्राँग' लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. त्यात अल्कोहोल आठ टक्क्यांपर्यंत असतं, आणि गारठ्यात दोन बाटल्यांत माणूस आडवा होतो. सहलीला हवी साडेचार-पाच टक्क्यांची. गव्हाची बीअर मिळाली तर पहिली तीच घ्या. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरमध्ये संत्र्याची साल आणि धने घालतात. संत्र्याच्या मुलखातल्या माणसाला ती चव परकी वाटत नाही, आणि कांदाभजी, भाजलेला भुट्टा यांच्याशी ती जमते. आयपीए (इंडिया पेल एल) कडू असते, सवय नसलेल्याच्या हातात देऊ नका. स्टाउट काळी असते, भाजलेल्या जवामुळे तिला कॉफीसारखा वास येतो. पाऊस कोसळत असताना जेवणानंतर एक बाटली तिघांत वाटून घेतली तर बरी लागते. डबीवरची तारीख बघा, जुनी बीअर स्वस्तात मिळाली तरी नको. तपकिरी बाटली किंवा कॅन घ्या. पारदर्शक आणि हिरव्या काचेतून उजेड जातो आणि वास बिघडतो.

गारव्याची सोय: बाटल्या दुकानातूनच थंड घ्या. परतवाड्यात बर्फाची लादी मिळाली तर तिचे मोठे तुकडे डब्यात घाला, बारीक चुऱ्यापेक्षा ते बराच वेळ टिकतात. डबा डिकीत सावलीत, वर ओलं पोतं. हॉटेलवर फ्रीज नसेल तर बादलीत पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ घाला. वीसेक मिनिटांत बाटली गार होते. गव्हाच्या बीअरचा तळ हलकेच फिरवून ओता, चव त्या गाळात असते. स्टाउट अगदी बर्फगार नको. काचेचे ग्लास नसले तरी स्टीलचे पेले चालतात, फक्त त्यांना साबणाचा वास नको.

महाराष्ट्रात सौम्य बीअर विकत घ्यायला आणि प्यायला वय २१ पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानात मिळतो, तो मागून घ्या. पॉइंटवर, तलावाकाठी, उभ्या गाडीत पिणं हा गुन्हा आहे, आणि घाटात गाडी चालवणाऱ्यानं तर दुपारपासून थेंबही घ्यायचा नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

घरातला मानपानही असतो. काही घरांत आजोबांसमोर बाटली काढणं चालत नाही, काही घरांत आजोबाच 'मला अर्धा पेला' म्हणतात. आधी विचारून घ्या. पोरांचं जेवण आटपल्यावर, आजी टेकल्यावर, व्हरांड्यात तासभर. घरातल्या बायकांना बीअर आवडत असेल तर त्यांनाही बसू द्या. भजी तळायला पाठवून नव्हे. माणशी दोनच बाटल्या आणा, तिसरी नसली की वादही होत नाहीत.

आसपासच्या कोरकू आदिवासींच्या गावांत मोहाची दारू गाळली जाते, आणि कोणी ती देऊही करेल. घेऊ नका. त्यात काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही आणि विक्री बेकायदा आहे. गावात शिरलातच तर परवानगी विचारून फोटो काढा. कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे. दोन शब्द विचारलेत तर आजीबाई हसून सांगतात.

तिसरा दिवस आणि उतरण

पाऊस उघडला असेल तर सकाळी गाविलगड. किल्ला बहमनी सुलतान अहमदशाहानं १४२५ च्या सुमारास बांधला आणि १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीनं तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवून आला. पोरांना हे सांगितलं की दरवाजावरची शिल्पं ती स्वतःहून शोधतात. पावसाळ्यात आत कमरेइतकं गवत असतं. ज्येष्ठांसोबत पहिले दरवाजे बघून परत फिरा, आणि आत जायचंच असेल तर दिवसाउजेडी, पायात बंद बूट घालून.

घटांगमार्गे उतरून परतवाड्याला आलात आणि हाताशी तीन तास असतील तर मुक्तागिरी बघा. कड्यावर ५२ जैन मंदिरं आणि त्यांच्या मध्येच कोसळणारा धबधबा. भीमकुंडानंतरही तो वेगळा वाटतो, कारण इथे पाण्याच्या अगदी जवळ जाता येतं. पायऱ्या पुष्कळ आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना खालीच बसवा. चामड्याच्या वस्तू गाडीत ठेवा. आणि जायच्या आधी डिकी तपासा. मुक्तागिरी मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात आहे, म्हणजे रस्ता राज्याची हद्द ओलांडतो. एक तर ते तीर्थक्षेत्र, त्यात दुसरं राज्य, तेव्हा उरलेली बीअर घेऊन तिकडे वळायचं नाही. शिल्लक राहिली असेल तर चिखलदऱ्यातच ओतून टाका, आणि नागपूरकरांनी तर वर्ध्याच्या रस्त्याला लागण्याआधी नक्कीच.

रिकाम्या बाटल्या जंगलात, दरीत किंवा हॉटेलमागच्या नाल्यात टाकू नका. फुटकी काच जनावरांच्या पायात जाते. त्या पोत्यात भरून खाली आणा आणि परतवाड्यात भंगारवाल्याला द्या. मोथ्यात घेतलेला खवा त्याच बर्फाच्या डब्यात ठेवता येतो, फक्त डबा आधी धुऊन घ्या.